खासदार दादासाहेब गायकवाड आणि गाव नमुना १-ई : नाशिक जिल्ह्याच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
मा. खासदार, नाशिक लोकसभा मतदारसंघ,
मा. खासदार, दिंडोरी लोकसभा मतदारसंघ.
(मालेगाव-बागलाण धुळे मतदारसंघात मोडतात, म्हणून तिकडच्या खासदारांनाही एक प्रत.)

स. न. वि. वि.

मी निवृत्त तलाठी. एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं, त्यातली जास्त दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत. आमच्या नोकरीत वर लिहायचं म्हणजे ‘मागविलेली माहिती सविनय सादर’ एवढंच. न मागविलेली माहिती सादर करायची ही पहिलीच वेळ, तेव्हा मजकुरात कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

निमित्त अगदी साधं. गंगापूर रोडला एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारी स्पर्धा परीक्षेची तीन पोरं एकमेकांवर प्रश्न टाकत होती. ‘यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध?’ ‘१९६३.’ ‘काळाराम सत्याग्रह?’ ‘दोन मार्च १९३०.’ ‘स्थानिक नेतृत्व?’ ‘भाऊराव गायकवाड.’ मला राहवलं नाही. म्हटलं, बाळांनो, हेच भाऊराव, म्हणजे आपले दादासाहेब, नाशिकचे खासदार कधी होते सांगा बरं. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. एकानं मोबाइल काढला, शोधलं, आणि मग अगदी आदरानं म्हणाला, ‘काका, हे येत नाही परीक्षेला.’

परीक्षेला येत नाही, हे खरंच. जयंतीच्या भाषणांतही फारसं येत नाही. तिथं काळाराम येतो, ‘कर्मवीर’ येतं, हार येतात. अकरा वर्षं संसदेत बसलेला माणूस त्यातून कुठं गळून पडतो कोण जाणे. तुम्ही दोघं त्याच संसदेत बसता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. म्हणजे जन्मगाव दिंडोरीच्या खासदारांकडे, पंचवटीतलं काळाराम मंदिर नाशिकच्या खासदारांकडे. ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, ते येवलं पुन्हा दिंडोरीकडे. मतदारसंघांच्या फेररचनेनं एका माणसाच्या आयुष्याचा वाटणीचा फेरफारच केलाय म्हणा ना. तुम्ही दोघं सहहिस्सेदार.

काळारामाबद्दल मी लांबण लावत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. एवढंच, की मंदिरप्रवेशाचा तो सत्याग्रह एका दिवसाचा मोर्चा नव्हता. वर्षांमागून वर्षं तो चालला, आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव. असा लढा वर्षानुवर्षं चालवायचा म्हणजे काय, ते गावात साधी हरिनाम सप्ताहाची वर्गणी गोळा केलेल्या माणसालाही कळेल. पुढं मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्रानं कळवलं की आता हे थांबवू, शक्ती शिक्षण आणि राजकारण यांवर लावू. राजकारणात भाऊराव तोवर पडलेलेच होते. १९३७ ला ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई प्रांताच्या विधिमंडळात गेले.

आता जे परीक्षेला येत नाही ते. बाबासाहेबांनी लोकसभेची निवडणूक दोनदा लढवली, १९५२ ला मुंबईतून आणि १९५४ ला भंडाऱ्यातून पोटनिवडणूक. दोन्ही वेळा ते हरले. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत नाशिकनं त्यांचे सहकारी दादासाहेब यांना बाबासाहेबांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या तिकिटावर लोकसभेत धाडलं. जागा राखीव नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, हे मान्य. लाटेत इतरही बरेच तरले. तरी ज्या शहरात सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांना देवळाच्या दारात अडवलं, त्याच शहरानं त्यांना दिल्लीला पाठवलं, याची कुठं साधी पाटी तरी असावी असं मला वाटतं. त्याच साली ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि खेड्यापाड्यातल्या माणसांच्या दृष्टीनं त्याचा चेहरा दादासाहेबच झाले. १९६२ पर्यंत लोकसभा, मग १९६८ पर्यंत राज्यसभा. १९६८ ला पद्मश्री. २९ डिसेंबर १९७१ ला ते वारले.

नाशिककर खासदार आठवतात ते कारखान्यावरून. यशवंतराव संरक्षणमंत्री, ओझरला मिग विमानांचा कारखाना, झालं, आठवण पक्की. दादासाहेबांच्या नावावर दाखवायला कारखाना नाही. त्यांनी मागितलं ते पड जमिनीचा तुकडा, तोही दुसऱ्यांसाठी. खासदार निधी म्हणाल तर तो १९९३ चा. त्यांच्या वेळी कोनशिलेवर नाव घालायची सोयही नव्हती.

मला त्यांची जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती ही, की भूमिहीनांचे दोन्ही मोठे सत्याग्रह त्यांनी खासदार असताना केले. १९५९ ला लोकसभेत होते. खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा या पट्ट्यात माणसं सरकारी पडीत नांगर घालायला उतरली आणि तुरुंगात गेली. १९६४ ला राज्यसभेत होते. १ ऑक्टोबरला संसदेवर मोर्चा नेला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढं दहा मागण्यांची सनद ठेवली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह. तीन लाखांवर माणसं आत गेली असं सांगतात. विचार करा, कायदे करणाऱ्या सभागृहाचा सभासद, आणि माणसांना सांगतोय की सरकारी पडीत औत घाला. आज कुणा खासदारानं असं केलं तर पक्षच आधी खुलासा मागेल.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचं घर कुळकर्ण्याचं. वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, पण थोडी जमीन आणि बराचसा तोरा शिल्लक होता. दादासाहेबांचा फोटो आमच्याकडं असण्याचा प्रश्नच नव्हता, नाव निघालं तरी आवाज खाली यायचा. त्या डिसेंबरात कांदे लावायला माणसं मिळेनात. आजोबा ओट्यावर बसून चिडचिड करत होते, ‘गेले सगळे दादाच्या मागं तुरुंगात.’ मला वाटलं दादा म्हणजे कुणी दरोडेखोर असणार. पुढं नोकरीत लागलो, दप्तर हातात आलं, तेव्हा हळूहळू उलगडत गेलं की आमच्या ओट्यावर बसून जे दिसत नव्हतं ते दप्तरात सगळं लिहिलेलं होतं.

महारांकडच्या जमिनींपुढं दप्तरात ‘इनाम वर्ग ६-ब’ असं लिहिलेलं असे. महार वतन. सरकारची बारा कामं करायची, टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, आणि त्या बदल्यात एवढीशी जमीन, तीही वंशात वाटत वाटत सुपाएवढी झालेली. बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध १९२८ ला विधेयक आणलं होतं. ते वतन खालसा व्हायला १९५८ चा कायदा उजाडला. जमीन नव्या शर्तीनं, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी, परत मिळणार, पण शेतसाऱ्याच्या तीनपट रक्कम मुदतीत भरायची. तीनपट म्हणजे आज चहाचे पैसे वाटतील. ज्याच्या हातात रोकड येतच नव्हती, ज्याला मुदत कुणी सांगितलीच नाही, त्याला ती रक्कम डोंगराएवढी. ज्यांनी भरली नाही त्यांच्या जमिनीपुढं मालक म्हणून ‘सरकार’ लागलं. हे मी आजोबांच्या पिढीचं वळणदार अक्षर वाचून शिकलो.

सनदेतल्या मागण्या एकदा जरूर वाचा. कसेल त्याला जमीन, पड जमीन भूमिहीनांना, धान्याचं वाटप आणि भावावर नियंत्रण, झोपडपट्टीतल्यांचं जगणं सुधारा, १९४८ चा किमान वेतनाचा कायदा नीट राबवा, बौद्ध झालेल्यांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. यातल्या शेवटच्या दोन मान्य व्हायला १९९० साल लागलं. तैलचित्र १२ एप्रिल १९९० ला लागलं, बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रानं त्याच वर्षी दिला. मागणी आणि मंजुरी यांत सव्वीस वर्षं, आणि मागणाऱ्याला जाऊन एकोणीस. तुम्ही जुन्या संसद भवनातल्या मध्यवर्ती सभागृहात जाता तेव्हा ते चित्र दिसत असेलच. त्याच्यामागं नाशिकचा एक खासदार आहे, हे दिल्लीतल्या सहकाऱ्यांना सांगायला हरकत नाही. आणि हेही बघा, की चित्र लागलं, दर्जा मिळाला, पण जमीन आणि मजुरीच्या मागण्या जिथल्या तिथं. गिरणाऱ्याला सकाळी सातला नाक्यावर जाऊन उभे राहा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून आलेली माणसं द्राक्षबागांच्या कामासाठी कुणी बोलावतंय का म्हणून वाट बघत असतात, भाव तिथंच ठरतो. मार्च २०१८ मध्ये त्याच भागातली हजारो माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, कसत असलेली वनजमीन नावावर करा म्हणून. वनहक्काचा कायदा २००६ चा होता, तरी.

दादासाहेबांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. रिपब्लिकन पक्षात पहिली मोठी फूट पडली ती त्यांच्याच काळात. शिकलेल्या मंडळींना जमिनीचं हे आंदोलन कम्युनिस्ट वळणाचं वाटे. त्यांना सनदशीर मार्ग हवा होता. धोतरवाला पुढारी म्हणून त्यांची टिंगलही झाली. पुढं काँग्रेसशी त्यांनी समझोता केला, तो पक्षाला महागात पडला असं माझं मत. पण धोतराची टिंगल करणाऱ्यांपैकी कुणाच्या मागं भूमिहीन तुरुंगात गेला? बाकी कुणी काहीही लिहो, आमच्या मळ्यात कांदे लावायला माणूस नव्हता हा पुरावा मी डोळ्यांनी बघितलेला आहे.

आता माझं स्वतःचं. हे लिहायचं की नाही यात चार दिवस गेले.

१९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. गाव सांगत नाही. एक बाई होती, नवरा वारलेला, दोन लेकरं. गायरानाच्या कडेला दगड वेचून वेचून तिनं दीडेक एकर मोकळं केलं होतं, त्यात बाजरी आणि मटकी घ्यायची. सरकारी जमिनीवर कुणी कसताना दिसलं की तलाठ्यानं गाव नमुना १-ई ला अतिक्रमणाची नोंद घ्यायची आणि तहसीलला कळवायचं. मग दंड लागतो. मी पीक पाहणीला गेलो तर ती बांधावरून पळत आली. ‘भाऊसाहेब, नोंद करू नका, दंड कुठून भरू?’ मी नवा होतो, मन हळवं होतं. नोंद केली नाही. पुढच्या वर्षीही नाही. बदली होईपर्यंत नाही. मला वाटायचं आपण पुण्य करतोय.

२८ नोव्हेंबर १९९१ ला शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची. १४ एप्रिलच का, ते सांगायला नको. आणि पुरावा काय? १-ई ची नोंद, दंडाची पावती. ज्यांना आम्ही दंड लावला होता ते सुटले. जिला मी वाचवलं होतं तिच्याकडं कागद नव्हता.

मी तेव्हा दुसऱ्या सजेवर, म्हणजे दुसऱ्या गावांच्या दप्तरावर, होतो. ती एसटीनं शोधत आली. चावडीत खाली बसली आणि म्हणाली, ‘भाऊसाहेब, तुम्ही बघितलंय ना मला कसताना?’ बघितलं होतं. पण दप्तरानं बघितलं नव्हतं. मी एक दाखला लिहून दिला, तो कुठंच चालला नाही. मागच्या तारखेची नोंद घालायला मी धजलो नाही, आणि तसं करणं गुन्हाच होता. पण त्या रात्री आजोबांचा ओटा आठवला. त्यांच्या पिढीनं मुदत सांगितली नाही, मी नोंद केली नाही. त्यांच्या मनात आकस होता, माझ्या मनात दया. दोघांच्या दप्तरात निघालं ते एकच, ‘सरकार’.

म्हणून सांगतो, दादासाहेब खासदार असून नांगर घेऊन पडीत का उतरले हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या बाईमुळं कळलं. लाख माणसं एकदम पडीत उतरली आणि पकडली गेली, तर सरकारला त्यांची नोंद घ्यावीच लागते. अटकेचा कागद हासुद्धा कागदच. ज्यांचं कुठल्याच नमुन्यात नाव नाही त्यांचं नाव निदान तुरुंगाच्या रजिस्टरात तरी लागलं. त्यांनी असाच हिशेब मांडला असेल असा माझा दावा नाही, हा माझा तलाठ्याचा हिशेब आहे.

आज त्यांच्या नावाची सरकारी योजना आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन. आधी निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारपीडितांना आधी. कागदावर उत्तम. पण सरकार जमीन विकत घेऊन देणार, आणि २०१८ च्या निर्णयातली कमाल किंमत एकरी पाच लाख जिरायतीला, आठ लाख बागायतीला. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात या भावात कोण विकणार? विकायला निघते ती मुरमाड, नाहीतर जिला वाट नाही अशी. दादासाहेबांच्या नावाची जमीन दादासाहेबांच्याच तालुक्यात मिळणं अवघड, अशी ही गंमत. गंमत म्हणू नये खरं तर.

योजना राज्याची आहे, तुमच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. तलाठ्यालाही बरंच काही हातात नसतं. पण खासदारानं लेखी विचारलं तर जिल्हाधिकारी कार्यालय उत्तर देतं, हे मी खालच्या टोकाला बसून अनुभवलंय. असं पत्र आलं की आमच्यापर्यंत ‘अति तातडीचे’ शिक्का मारून यायचं आणि रविवारीसुद्धा माहिती जमायची. तर तो शिक्का एकदा यासाठी वापरा. या योजनेत जिल्ह्यात तालुकावार किती एकर घेतली, त्यातल्या किती एकरांना पाणी आणि वाट आहे, आणि किती जमीन आज प्रत्यक्ष लाभधारक कसतोय. शेवटचा प्रश्न विसरू नका, पहिल्या दोनांची उत्तरं छान टाइप करून येतील.

दुसरं. गावात सातबाऱ्याचं चावडी वाचन होतं, चुका असतील तर लोक तिथंच उभं राहून सांगतात. तसं एकदा १-ई चंही चावडी वाचन करायला लावा. ज्यांचे नियमानुकूलचे प्रस्ताव पुराव्याअभावी फेटाळले ती प्रकरणं अभिलेख कक्षातून काढून त्याच बैठकीत वाचू द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सगळं माहीत असतं, कोण किती साली कुठं कसत होतं. ती माणसं आता फार राहिलेली नाहीत.

तिसरं सोपं आहे, म्हणून शेवटी ठेवलं. दादासाहेब लोकसभेत आणि राज्यसभेत काय बोलले, कोणते प्रश्न विचारले, हे सगळं दोन्ही सभागृहांच्या कार्यवृत्तात छापलेलं आहे, आणि जुनी कार्यवृत्तं आता संगणकावरही बघायला मिळतात. ते काढून मराठीत करून घ्या, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या सार्वजनिक वाचनालयांत, अभ्यासिकांत एकेक प्रत ठेवा. खर्च कुठून करायचा ते तुम्ही बघा. एका चौकाच्या सुशोभीकरणात हे काम आटपेल. प्रस्तावनेत स्वतःचे फोटो घातलेत तरी माझी तक्रार नाही. टपरीवरच्या त्या मुलांपैकी एखादा उद्या तहसीलदार होईल. गायरानावर कुणी कसताना दिसलं तर दंड लावायचा की डोळेझाक करायची, याशिवाय तिसरंही काही करता येतं, हे त्याला आधी कळलेलं बरं.

चावडी वाचनाला माझी गरज लागली तर मी येईन. जुनं मोडी वळणाचं अक्षर मला लागतं, आणि परवाच चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय. त्या बाईचा गट नंबर मला अजून पाठ आहे. इथं लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणी विचारलं तर सांगेन.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी, नाशिक